मामांचा बंद पडलेला फ्रीज

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण कुणाचं आहे, असं कुणी विचारलं तर मी एका क्षणात सांगेन : माझ्या थोरल्या मामांचं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतून मॅट्रिक झालो तेव्हा वडील म्हणाले, आता दुकानात कुठंतरी चिकट. मामा गणपतीला मुंबईहून आले होते. ते माझ्या आईला एवढंच म्हणाले, "ह्याका माझ्याबरोबर पाठव. अर्धी चटई माझी, अर्धी ह्याची." त्या अर्ध्या चटईवर मी बी.ए. झालो.

मामा गिरणीत होते आणि राहायला अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या अलीकडे एका एकमजली चाळीत. वरच्या मजल्यावर, गॅलरीच्या मध्यावर त्यांची खोली. मामी गावी, शेताजवळ. खोलीत कोकणातली आणखी दोघंतिघं गिरणीवाली माणसं असायची, ती पाळ्यांप्रमाणे झोपायची आणि उठायची. सामान म्हणाल तर पत्र्याच्या ट्रंका, एक भला थोरला लाकडी पलंग, भिंतीवर देवांची फळी आणि एक फ्रीज.

फ्रीजबद्दल सांगितलं पाहिजे. जुहूकडचा कुठला तरी बंगला पाडायचा होता, तिथलं सामान मालक मिळेल त्याला देऊन टाकत होता. मामांनी तिथून हा फ्रीज आणला. जुन्या पद्धतीचा, गोलसर खांद्यांचा, आत जाड पत्रा, वजनाला रेडा. तो कधीच चालू झाला नाही. चालवायला म्हणून मामांनी आणलाही नव्हता. आमच्या चाळीत घुशींचा एवढा सुळसुळाट होता की लाकडी पेटीत तांदूळ टिकत नसे. फ्रीजचं दार मात्र एकदा खटकन लागलं की आत मुंगीसुद्धा शिरत नसे. वरच्या कप्प्यात तांदूळ आणि कुळीथ, मधल्या कप्प्यात भाड्याच्या पावत्या आणि रेशनकार्ड, खालच्या कप्प्यात माझी पुस्तकं. अर्थशास्त्राच्या पुस्तकाला रबराचा आणि कुळथाचा वास यायचा, म्हणून वर्गातला एक मुलगा मला "काय रे, पिठी घेऊन आलास काय?" म्हणायचा. मला राग येत नसे. पुस्तकं कोरडी राहत होती.

पुढं गिरण्या बंद पडल्या. खोलीतली माणसं एकेक करून गावी गेली. मामा काही दिवस साकीनाक्याला एका कारखान्याच्या गेटवर बसले, पण छातीत कापूस साठलेला, दमा वाढला. तोपर्यंत मला नोकरी लागली होती आणि लग्नही झालं होतं. मामा आम्हां दोघांना खोली सांभाळायला ठेवून गावी गेले. जाताना म्हणाले, "पावसाळो सरलो की मी येतंय. श्वास जरा बसूंदे." आणि हिच्याकडं बघून म्हणाले, "तो पांढरो हत्ती आता काढून टाका. तुमका जागा होईत."

हिला तेव्हा दिवस गेले होते.

जागा खरंच नव्हती. पलंगाच्या सांध्यासांध्यांत ढेकूण. कितीही उकळतं पाणी ओता, चार दिवसांनी पुन्हा हजर. बाळाला त्या पलंगावर ठेवायची कल्पना हिला सहन होत नव्हती. मी साकीनाक्याच्या एका कारखानदाराकडे लोखंडी कपाट सांगितलं, बिल मुद्दाम मामांच्या नावानं केलं. पण पलंग आणि फ्रीज बाहेर पडल्याशिवाय ते कपाट आत शिरणार नव्हतं. आणि जड सामान बाहेर काढणं ही आमच्या चाळीत साधी गोष्ट नव्हती.

भाड्याची पावती मामांच्या नावावर. मामा गावी. खोलीत आम्ही, म्हणजे कागदोपत्री कुणीच नाही. घरमालकाला ही खोली रिकामी हवी होती, नव्या माणसाकडून पागडी घेऊन द्यायला. त्याचा भाडेवसुलीचा माणूस, ज्याला सगळे मुनीमजी म्हणत, दर महिन्याला यायचा. दारात उभा राहून तो आत नजर फिरवायचा.

"मामा?"

"गावी आहेत. येतील."

"सामान इथेच?"

"हे काय, समोरच आहे."

मग तो मान हलवून जायचा. चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की माणूस गावी गेला तरी चालतं, त्याचं सामान जागेवर पाहिजे. पलंग, कपाट, शिलाई मशीन, काहीतरी वजनदार. ट्रंक कुणीही उचलून नेतं, ट्रंकेला कुणी धरत नाही. मागच्या बाजूच्या एका बिऱ्हाडानं चुना लावून घेण्यासाठी सगळं सामान नातेवाइकांकडे हलवलं होतं. संध्याकाळी येऊन बघतात तर दाराला मालकाचं कुलूप. ती मंडळी अजून कोर्टाच्या फेऱ्या मारत होती.

म्हणून मी बेत आखला होता. रविवारी दुपारी, गल्लीच्या तोंडावरचं मालकाचं धान्याचं दुकान बंद झालं की जुनं सामान उतरवायचं आणि त्याच वेळी खाली उभ्या असलेल्या गाडीवरचं नवं कपाट वर चढवायचं. एक बाहेर, एक आत. मध्ये श्वास घ्यायलाही वेळ ठेवायचा नाही.

पण बंद फ्रीज घेतो कोण? एका भंगारवाल्यानं नुसती मोटर मागितली, डबा तुम्हीच ठेवा म्हणाला. दुसऱ्यानं सांगितलं, खाली आणून द्या, मग बघू. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीनं मनोरीचा एक कोळी बघायला आला. त्याला मासळीच्या बर्फासाठी पेटी हवी होती. त्यानं दार उघडून दोनदा आपटलं, रबर दाबून बघितलं, खूश झाला. मग गॅलरीतून खाली बघत म्हणाला, "मास्तर, माल झकास हाय. पन ह्यो मार्व्याच्या तरीत चरवला तर तर बुरेल. मंग मी नि बरफ दोगंव दऱ्यान." तर म्हणजे मार्व्याहून मनोरीला जाणारी होडी. तो चहा पिऊन गेला. शेवटी जोगेश्वरीचा एक जुन्या सामानाचा व्यापारी पलंगाच्या लोभानं फ्रीजही न्यायला तयार झाला. रविवार ठरला.

तो सकाळीच आला. हातगाडी, तीन हमाल, दोरखंड.

"अहो, दुपारी ठरलं होतं," मी म्हणालो.

"दुपारी मला वाकोल्याला दुसरा माल उचलायचाय, साहेब. आत्ता देता तर देता, नाहीतर राहू द्या. हा डबा दुसरा कोण उचलणार नाही, लिहून देतो."

मी गॅलरीतून वाकून पाहिलं. हातगाडी मालकाच्या दुकानावरूनच आली असणार. दुकान उघडं होतं. साकीनाक्याची गाडी यायला वेळ होता. मला नको म्हणायचं होतं. पण हिच्याकडं बघितलं तर ती रात्रभर ढेकणांनी झोपली नव्हती, मानेवर लाल चट्टे. ती म्हणाली, "पलंग तरी जाऊ दे ना आज." मी मान हलवली.

पलंगाचे भाग सुटे झाले आणि भराभर खाली गेले. ढेकणांची घाण दिसली तशी हिनं ट्रंका आणि भांडी गॅलरीत काढली, जमिनीवर फिनेल ओतलं आणि वासानं मळमळायला लागलं म्हणून शेजारच्या काकींकडं जाऊन बसली. काकी मालवणकडच्या, मामांच्या गावशेजारच्या. मी बाहेर हमालांबरोबर होतो.

फ्रीज जिन्यातून जाणारा नव्हता. जिन्याला मध्येच वळण होतं. तो जसा आला होता तसाच जायचा होता, गॅलरीवरून. गोणपाटात गुंडाळला, दोरखंडानं आवळला, दोरीचा एक वेढा गॅलरीच्या खांबाला दिला. वर दोन हमाल आणि मी, खाली तिसरा हमाल आणि व्यापारी. कठड्यावरून फ्रीज पलीकडं गेला तेव्हा खांब करकरला. दोरी माझ्या तळव्यांतून सरकू लागली.

"आहिस्ता, साहेब. झटका मत दो," पुढचा हमाल म्हणाला.

फ्रीज दोनतीन हात खाली गेला असेल, तेव्हा जिन्यावर चपलांचा आवाज आला. मुनीमजी. हातात कापडी पिशवी. आमच्या मागून, भिंतीला घासत तो खोलीच्या दाराशी गेला आणि आत बघितलं. मी मान वळवून बघत होतो. आत ओली जमीन, पलंगाच्या जागी चार काळे डाग आणि फ्रीजच्या जागी एक फिकट चौकोन.

"अरे वा," तो म्हणाला, अगदी आनंदानं. "खोली खाली केली? चांगलं केलं. मामांना माझा नमस्कार कळवा."

"खाली नाही केली, मुनीमजी. नवं कपाट येतंय. निघालंय."

"येईल तेव्हा येईल." त्यानं पिशवीतून पितळी कुलूप काढलं. "तोपर्यंत मी बंद करतो. तुमच्या ट्रंका इथे बाहेर आहेत ना? मग आत कायच नाय."

त्यानं दार ओढून घेतलं.

मी दोरी सोडायला एक हात उचलला, तसा पुढचा हमाल ओरडला, "छोड़ना मत! नीचे आदमी है!" खाली व्यापारी आणि हमाल वर तोंड करून फ्रीजच्या बरोबर खाली उभे होते. खरंच, सोडणं शक्य नव्हतं. माझ्या पाठीमागं चार पावलांवर मामांच्या खोलीची कडी सरकत होती आणि माझे दोन्ही हात दोरीला बांधल्यासारखे होते. मामा पाऊस संपल्यावर येणार, कुठं येणार? माझ्या डोक्यात एवढं एकच फिरत होतं.

"अगं!" मी ओरडलो. आमच्यात बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, आणि तेव्हाही सुचलं नाही. "अगं, बाहेर ये!"

ती काकींच्या दारातून बाहेर आली. पदर तोंडाला, चेहरा पांढरा. तिनं कुलूप बघितलं. मला वाटलं आता रडेल. तिनं पदर खाली घेतला आणि म्हणाली, "थांबा मुनीमजी, आत देव आहेत."

मुनीमजीचा हात थबकला.

देवांची फळी कुणी काढलीच नव्हती. गणपती, रवळनाथाचा फोटो आणि मामांनी आणलेला छोटा तांब्याचा गडू. मुनीमजीच्या कपाळावर रोज गंध असायचं. देवांवर कुलूप घालायचं म्हणजे त्याला जड गेलं असणार.

"घेऊन जा देव," तो म्हणाला. "लवकर."

त्यानं दार उघडलं. ही आत गेली. मला आतलं दिसत नव्हतं. थोडा वेळ गेला. मुनीमजी म्हणाला, "काय बाई, झालं का?"

आतून तिचा आवाज आला, "नाही."

"म्हणजे?"

"मी बसलेय."

फळीखाली, ओल्या फिनेलमध्ये ती मांडी घालून बसली होती. हे काकींनी नंतर सांगितलं. तेवढ्यात काकी स्वतः येऊन उंबऱ्यावर आडव्या बसल्या.

"तू बस गो. हलू नको. कोण उठयता तां मी बघतंय. लाव मुनीमा, लाव कुलूप. आधी माका लाव."

"काकी, तुम्ही मधे येऊ नका," मुनीमजी म्हणाला. पण आवाज खाली आला होता. "बाईमाणसाला हात कोण लावतोय? ऐकून घ्या. ह्यांचं नाव पावतीवर नाय. ज्याचं नाव आहे त्याची एक वस्तू दाखवा आत. देव सोडून. एक दाखवा. मी जातो. नायतर मालक माणसं पाठवतील, मग माझ्या हातात नाय."

मामांची एक वस्तू दोरीला लटकत होती.

मी पुढच्या हमालाला म्हणालो, "वर घ्या."

"क्या?"

"वर. वापस वर घ्या."

"साहेब, उतारने का बोला था. चढ़ाने का नहीं बोला."

खालून व्यापारी ओरडला, "ओ साहेब, काय चाललंय? माल माझा आहे!"

"पलंग तुझा, फ्रीज नाही!" मी ओरडलो. आयुष्यात मी कुणावर एवढ्या मोठ्यानं ओरडलो नव्हतो.

उतरवताना वजन आपसूक जातं, आपण फक्त आवरायचं असतं. चढवताना तसं नसतं. आम्ही तिघांनी जोर लावला, फ्रीज हललाच नाही. उलट खांबावरची दोरी वीतभर सरकली. खालचे दोघं पळून बाजूला झाले. माझे पाय कठड्याला टेकले होते, कठड्याचं लाकूड वाकत होतं.

"अरे, बघतात काय मेल्यांनो, वयर घेवा!" काकी उंबऱ्यावरूनच अख्ख्या चाळीला हाका मारत होत्या. "मामांचो फ्रीज पडता रे!"

तळमजल्यावरचा फिटर बनियनवर दाढी करत होता. आमच्या वयाचा, साकीनाक्याच्याच एका वर्कशॉपात कामाला, घर मूळचं परभणीकडचं. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो वर आला. त्याच्यामागं आणखी तिघं.

"काय रे, फ्रीजला फाशी देतोस काय?" तो म्हणाला आणि माझ्यामागं दोरी धरली. "चल, एकसाथ. माझ्या आवाजावर. हां... ओढ!"

फ्रीज वर आला. थोडा. पुन्हा थोडा. मग गॅलरीच्या तळाच्या फळीला अडकला. आत ओढावं तितका तो फळीखाली घट्ट बसत होता. त्याला बाहेर ढकलायला हवं होतं. कुणीतरी कपडे वाळत घालायचा बांबू आणला आणि कठड्यावरून वाकून ढकलू लागलं. बांबू मध्येच कडाड मोडला. फ्रीज गोल फिरला आणि दोरी एकदम ढिली झाल्यासारखी वाटली. माझ्या तळव्यांची कातडी गेली ती तेव्हा. त्या क्षणी मला वाटलं, आता सगळंच खाली जाणार, फ्रीज, कठडा आणि खोली.

"सोडू नको यार, सोडू नको," फिटर माझ्या कानाशी म्हणत होता. "पाय लाव. हां. परत."

त्या फिरण्यामुळंच त्याचा गोल खांदा फळीतून सुटला. पुढच्या ओढीला तो कठड्याच्या वर आला आणि सगळ्यांनी मिळून त्याला मिठी मारून आत घेतलं. गॅलरी हादरली. गोणपाट फाटून एक बाजू उघडी पडली होती, तिला मोठा पोचा आला होता.

मुनीमजी दारातच उभा होता. फिटर म्हणाला, "मुनीमजी, जरा सरका. सामान येतंय."

काकी उंबऱ्यावरून उठल्या. ही आत भिंतीला टेकून उभी राहिली. फ्रीज ढकलत, सरकवत आम्ही त्याच फिकट चौकोनावर नेऊन उभा केला. सगळे धापा टाकत होते.

मुनीमजीनं फ्रीजचं दार उघडलं. आत काहीच नव्हतं, तांदूळ आणि कागद हिनं आधीच काढले होते.

"हा चालतो का?"

"मामा आले की चालू होईल," फिटर म्हणाला. त्याच्या गालावरचा साबण वाळून गेला होता. गॅलरीतली माणसं हसली. मी हसू शकलो नाही.

मुनीमजीनं कुलूप पिशवीत टाकलं. जिन्याकडं जाताना तो थांबला आणि मला एकट्याला म्हणाला, "आज गेलो. पुढच्या वेळी मालक स्वतः येणार. डब्यावर किती दिवस काढाल? मामा येणार आहेत तर तसं त्यांच्या हातचं पत्र दाखवा. मलापण वर काहीतरी दाखवावं लागतं." त्याचा स्वर वाईट नव्हता. तेच मला जास्त टोचलं.

व्यापाऱ्यानं फ्रीज हुकल्याच्या रागात पलंग फुकटात नेला. साकीनाक्याची गाडी दुपारी आली, नवं कपाट पलंगाच्या जागी उभं राहिलं. त्या दोघांच्या मधल्या पट्टीत आम्ही चटई अंथरली. हिच्या पोटात दुखत होतं. काकींनी शेक दिला, डॉक्टरांनी तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं मी हाताला पट्टी बांधून घेतली आणि पत्र लिहायला बसलो. अक्षर वेडंवाकडं आलं.

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे ते आधी कळवा. काढा दोन्ही वेळ घेता का? रात्री बसून झोपावं लागतं का अजून?

इकडे आम्ही सुखरूप आहोत. पलंग काढला. फ्रीज काढायला सांगितलात, पण तो तुम्ही येईपर्यंत काढणार नाही. तो जागेवर आहे, एका बाजूला पोचा आलाय एवढंच. तांदूळ पुन्हा त्यातच ठेवलेत. आज मुनीमजी कुलूप घेऊन आला होता. तुमची सून फिनेलमध्ये बसून राहिली म्हणून खोली राहिली. काकी, खालचा फिटर आणि चाळीतली माणसं धावून आली. तुम्ही त्यांना आठवणीनं दोन शब्द कळवा, त्यांना बरं वाटेल.

मामा, एक मागणं आहे. तुम्ही परत येणार आहात असं पत्र मला पाठवा. दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका, तुमच्याच हातानं लिहा. शब्द कमी असले तरी चालतील, अक्षर लागलं नाही तरी चालेल. खाली पावतीवर करता तशीच सही करा, मुनीमजी ती ओळखतो. "माझी खोली, माझं सामान, मी येतो" एवढं पुरे आहे.

पण यायचं मनात नसेल तर मात्र लिहू नका. आमच्यासाठी खोटं लिहायला मी तुम्हाला सांगणार नाही. तसं असेल तर मला सरळ कळवा, मी मालकाशी जे काय बोलायचं ते माझ्या नावानं बोलेन, आणि नाहीच जमलं तर दुसरीकडं बिऱ्हाड शोधेन. जिथं असेन तिथं अर्धी चटई तुमची राहील.

मी रोज दुपारी पोस्टमनची वाट बघेन.

तुमचा भाचा